पित्ताशय काढल्यावर जुलाब होतायत, आणि डॉक्टर म्हणतात इसबगोल घ्या?

प्रश्न : वय 43, माध्यमिक शाळेत शिकवते. मागच्या वर्षी पित्ताशयात खडे निघाले म्हणून दुर्बिणीचं ऑपरेशन करून पित्ताशय काढून टाकलं. पोटदुखी गेली, पण तेव्हापासून सकाळचा नाश्ता पोटात गेला की अर्ध्या तासात पळावं लागतं, दुपारपर्यंत तीन-चार वेळा, एकदम पातळ, पिवळट आणि जळजळ होते ती वेगळीच. तास अर्धवट सोडून जाता येत नाही म्हणून नाश्ता करणंच सोडलं, तेल-तूप बंद केलं, तरी त्रास आहेच. डॉक्टर म्हणाले घाबरण्यासारखं काही नाही, इसबगोल घ्या. सासूबाई म्हणतात इसबगोल पोट साफ व्हायला देतात, जुलाबवाल्याला कोण देतं. जाऊबाई म्हणाल्या फायबरच हवं तर कणकेत कोंडा घाल, तो घातला तर उलट जास्त बिघडलं. त्यात मिस्टरांचं कोलेस्टेरॉल वाढलंय, त्यांनी कुठंतरी वाचलं की इसबगोलनं ते उतरतं, म्हणून ते गोळी बंद करून माझ्याच डब्यात वाटेकरी व्हायला निघालेत. एकच वस्तू बद्धकोष्ठावर, जुलाबावर आणि कोलेस्टेरॉलवर कशी चालेल? आणि पित्ताशयच नाही तर पित्त येतंय तरी कुठून? संकष्टीचा उपवास करू की नको तेही सांगा.

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातला शेवटून दुसरा प्रश्न आधी घेते, कारण तो सुटला की बाकीचे आपोआप सुटत जातील. पित्त येतंय कुठून? तर जिथून आधी येत होतं तिथूनच, म्हणजे यकृतातून. पित्ताशय पित्त बनवत नाही, ते फक्त साठवतं. आणि हे पित्त म्हणजे उशिरा जेवल्यावर घशाशी येतं ते आंबट नव्हे बरं का, ते जठरातलं ॲसिड. आपण बोलतोय तो यकृतात बनणारा हिरवट-पिवळा कडू रस, रोज साधारण अर्धा ते एक लिटर. ऑपरेशनआधी तो पित्ताशयात जाऊन आटून घट्ट व्हायचा, वाटीभरही नाही, तीस-पन्नास मिली, आणि तुम्ही काही तेलातुपाचं खाल्लं की आतड्यातून निरोप जायचा, पित्ताशय आवळलं जायचं आणि बरोबर जेवणाच्या वेळी माल खाली यायचा. आता साठवायची जागा नाही म्हणून तो रस दिवसरात्र थोडा थोडा थेट आतड्यात ठिबकत राहतो, जेवण असो नसो. बहुतेकांचं शरीर ह्याच्याशी जुळवून घेतं आणि त्यांना काही कळतही नाही. काहींना मात्र तुमच्यासारखा त्रास होतो, ह्याचे आकडे वेगवेगळे दिले जातात पण शंभरात पाच ते वीस जणांना कमी-जास्त प्रमाणात होतो असं धरून चाला, म्हणजे तुम्ही एकट्या नाही आणि ऑपरेशन बिघडलं असाही त्याचा अर्थ नाही.

आता त्या रसातली कामाची वस्तू म्हणजे बाइल ॲसिड. तेल-तूप पाण्यात मिसळत नाही ना, मग ते पचवणारे रस त्याच्यापर्यंत पोचणार कसे, तर बाइल ॲसिड त्याचे बारीक बारीक थेंब करतं आणि ते पाण्यात तरंगते ठेवतं. काम झालं की हे ॲसिड फेकून दिलं जात नाही. लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात ते परत शोषलं जातं, रक्तातून यकृताकडे जातं आणि पुन्हा वापरलं जातं. लग्नात मंडपवाल्याची भांडी असतात तसं समजा, पंगत उठली की मोजून परत गाडीत, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या लग्नाला तीच भांडी. शरीरात एकूण बाइल ॲसिड असतं जेमतेम दोन-चार ग्रॅम, पण ते दिवसातून सहा-दहा फेऱ्या मारतं, आणि दर फेरीत साधारण 95 टक्के परत येतं. जे थोडं हरवतं, दिवसाला सुमारे अर्धा ग्रॅम, ते मोठ्या आतड्यातून बाहेर पडतं आणि तेवढं यकृताला नवीन बनवावं लागतं. कशापासून बनवतं माहितीय? कोलेस्टेरॉलपासून. हे लक्षात ठेवा, तुमच्या मिस्टरांच्या वेळी लागणारे.

तुमच्या बाबतीत होतंय असं की फेऱ्या वाढल्यात, वेळापत्रक मोडलंय, आणि शेवटच्या टप्प्यावर जेवढं ॲसिड परत घ्यायला हवं तेवढं सगळं घेतलं जात नाही, जास्तीचं मोठ्या आतड्यात उतरतं. मोठ्या आतड्याचं काम पाणी ओढून घेणं, पण बाइल ॲसिड जास्त झालं की तिथलं अस्तर उलट पाणी सोडायला लागतं आणि आतड्याची हालचालही वाढते. म्हणून एकदम पातळ, म्हणून घाई, आणि म्हणूनच जळजळ, कारण ते ॲसिड त्वचेलाही झोंबतं. रात्रभर ठिबकलेलं पित्त आतड्याच्या वरच्या भागात साचलेलं असतं, सकाळचा पहिला घास पोटात गेला की आतड्याची सगळी गाडी एकदम पुढे ढकलली जाते, म्हणून तुमचा त्रास सकाळीच जास्त. जपानमध्ये तर 2018 पासून बद्धकोष्ठावर एक गोळी मिळते, एलोबिक्सिबॅट नावाची, जी मुद्दाम बाइल ॲसिड परत शोषू देत नाही, का तर ते मोठ्या आतड्यात पोचावं आणि पोट साफ व्हावं. तिकडे लोक पैसे देऊन जे करून घेतायत ते तुम्हाला फुकटात आणि नको असताना मिळतंय, एवढंच.

आता नाश्ता सोडण्याबद्दल. ताई, तुमची अडचण मला पूर्ण कळते, वर्गात चाळीस-पन्नास पोरं समोर आणि पोटात कळ, माणूस दुसरं काय करणार. पण ह्यात एक गृहीत धरलंय की खाल्लं म्हणून होतं, मग खायचंच नाही. वर बघा, पित्त तर न खाताही ठिबकतंय. तुम्ही सकाळी उपाशी राहता तेव्हा ते कशातही न मिसळता आतड्यात बसून राहतं आणि दुपारी दीड वाजता डबा उघडला की, पोटात भूक सणकून असल्यामुळे, भरपूर जेवण एकदम जातं आणि तोच प्रकार दुपारी. तुम्ही पत्रात लिहिलंय की नाश्ता सोडूनही त्रास आहेच, तेच ह्याचं उत्तर आहे. त्रास गेला नाही, फक्त त्याची वेळ सरकली, आणि मधल्यामध्ये अशक्तपणा आला असेल तो वेगळा.

तेल-तूप पूर्ण बंद करणंही असंच अर्धं बरोबर. जास्त तेलकट एका वेळी पोटात गेलं की तुम्हाला त्रास होणार, हे खरं, वडा-भजी-मिसळीची तर्री हे सध्या दूरच ठेवा. पण शून्य तेल कशाला? ए, डी, ई, के ही जीवनसत्त्वं शोषली जायला थोडी चरबी लागतेच, आणि बिनतेलाची भाजी किती दिवस खाणार, महिन्याभरात कंटाळून एखाद्या हळदीकुंकवाला चार बटाटेवडे खाल्ले जातात आणि मग आठवडा वाया. त्यापेक्षा दिवसाचं चार-पाच छोटे चमचे तेल-तूप धरा आणि ते तिन्ही वेळच्या जेवणात विभागून टाका, एका वेळी सगळं नको. वरणावर अर्धा चमचा तूप घेतलं म्हणून काही होत नाही.

चला, आता इसबगोल. सासूबाईंचं चुकत नाहीये, त्यांनी आयुष्यभर ते पोट साफ व्हायलाच दिलेलं बघितलंय, रात्री झोपताना कोमट दुधातून. पण इसबगोल जुलाब करवणारं औषध नाही, एरंडेल किंवा सोनामुखी आतड्याला ढोसतं तसं ते काही करत नाही. ते फक्त पाणी धरून ठेवतं. मळ कोरडा खडखडीत असेल तर पाणी धरल्यामुळे मऊ होतो, आणि मळ पाण्यासारखा असेल तर तेच मोकळं पाणी इसबगोलमध्ये अडकल्यामुळे घट्ट होतो. दोन्हीकडे काम एकच, परिस्थिती वेगळी. हे त्यांना एकदा करूनच दाखवा, सांगून पटणार नाही. दोन काचेचे ग्लास घ्या, दोन्हीत अर्धा अर्धा ग्लास पाणी, एकात चमचाभर इसबगोल आणि दुसऱ्यात जाऊबाईंचा कोंडा चमचाभर, ढवळा आणि पंधरा-वीस मिनिटं तसंच राहू द्या. कोंडा खाली बसलेला दिसेल, वरचं पाणी थोडं गढूळ पण पातळच्या पातळ. इसबगोलच्या ग्लासात मात्र चमचा फिरवायला जड जाईल, ग्लास तिरका केला की सगळं एक गोळा होऊन हळूहळू सरकेल, आणि पाणी कुठं गेलं ते कळणारच नाही.

तुमच्या सगळ्या प्रश्नाचं उत्तर खरं तर त्या इसबगोलच्या ग्लासात आहे. आपण फायबर फायबर म्हणतो आणि सगळं एकाच मापात मोजतो, पाकिटावर आकडा बघितला की झालं. पण पाण्यात जाऊन असा बुळबुळीत घट्ट गोळा करणारं फायबर वेगळं आणि गव्हाच्या कोंड्यासारखं न विरघळणारं वेगळं. बुळबुळीतवालं लहान आतड्यातून जाताना अन्नाबरोबर बाइल ॲसिडलाही आपल्यात गुंतवून घेतं, ते भिंतीपर्यंत सहज पोचत नाही, त्या गोळ्याबरोबरच पुढे सरकतं आणि बाहेर पडतं. तुम्ही म्हणाल मग मोठ्या आतड्यात ॲसिड अजून जास्तच गेलं की! बरोबर शंका आहे, आणि ही शंका सहसा कुणी काढत नाही. जास्त जातं, पण मोकळं जात नाही. गोळ्यात अडकलेलं ॲसिड अस्तराला तेवढं लागत नाही, आणि इसबगोल असं फायबर आहे की ते मोठ्या आतड्यातले जंतू फारसं खाऊन टाकत नाहीत, त्यामुळे तो गोळा बराचसा शेवटपर्यंत टिकतो, पाणी धरून ठेवतो. गॅसही त्यामुळे कमी होतो, नाहीतर राजमा-छोल्यांतही चांगलं फायबर आहे पण त्याचं जंतू काय करतात ते घरातल्या सगळ्यांना माहीत असतं.

कोंडा मात्र पाणी फार धरत नाही, बाइल ॲसिडलाही तसं अडकवत नाही, तो मळाचं आकारमान वाढवतो आणि आतड्याला खरखरीत लागून पुढे ढकलतो. बद्धकोष्ठ असणाऱ्याला उपयोगी, पण आधीच घाईत असलेल्या आतड्याला अजून घाई करायला सांगितल्यासारखं ते झालं. म्हणजे जाऊबाईंचा सल्ला चांगल्या मनानं दिलेला असला तरी तुमच्यासाठी उलटा होता. सध्या कोंडा बंद, चाळलेल्या कणकेची पोळी खा, ज्वारीची भाकरी सोसत असेल तर खा, कुणाला सोसते कुणाला नाही.

डॉक्टरांनी इसबगोल सांगितलं पण घ्यायचं कधी ते सांगायचं राहिलं असावं, कारण आपल्याकडे ते रात्री झोपतानाच घ्यायचं हे इतकं ठरलेलं आहे की कुणी विचारतही नाही आणि सांगतही नाही. पोट साफ व्हायला घेताय तर रात्री घ्या, काही बिघडत नाही. पण बाइल ॲसिड अडकवायचं असेल तर ते जेवणाच्या वेळीच आतड्यात हजर पाहिजे, जेव्हा पित्त आणि अन्न एकत्र येतं. म्हणून नाश्त्याच्या जरा आधी किंवा नाश्त्याबरोबर एकदा, आणि रात्रीच्या जेवणाबरोबर एकदा. दुधातून नको, निदान सुरुवातीला तरी, कारण दुधानं जुलाब होतायत की पित्तानं हे मग कळणार नाही. ताकातून किंवा पाण्यातून घ्या. सुरुवात एका सपाट चमच्यानं, फक्त सकाळी, चार-पाच दिवस. मग रात्रीचा चमचा. मग हळूहळू वाढवत प्रत्येक वेळी पाच ग्रॅमपर्यंत. इसबगोलचा भुसा फार हलका असतो, चमचा शीग लावून भरला तरी वजन फारसं नसतं, म्हणून घरी किचनचा वजनकाटा असेल तर एकदा मोजून बघा तुमच्या चमच्यात किती बसतं. आणि पहिल्या दिवशी तीन चमचे घेऊन चौथ्या दिवशी "पोट फुगलं, मला सोसत नाही" म्हणून डबा माळ्यावर टाकायचा, हे कृपा करून नको, माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांचं असंच झालेलं असतं.

दोन गोष्टी मात्र हसण्यावारी नेऊ नका. एक, पाणी. प्रत्येक वेळी पूर्ण ग्लासभर, आणि कालवल्या कालवल्या प्यायचं, घट्ट होईपर्यंत बसायचं नाही. कोरडं तोंडात टाकून वर घोटभर पाणी हे तर अजिबात नाही, ते घशात फुगून अडकू शकतं, वयस्कर माणसांत हे होतं. सासूबाई कधी घेत असतील तर त्यांनाही सांगा, आणि कुणाला गिळायला त्रास असेल किंवा आतड्यात अडथळा होऊन गेला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचंच नाही. दुसरी गोष्ट, बाकीच्या गोळ्या. जो गोळा बाइल ॲसिड अडकवतो तो औषधंही अडकवू शकतो. थायरॉइडची गोळी तर खास. तुम्हाला थायरॉइड आहे की नाही ते लिहिलेलं नाही, पण तुमच्या वयात इतक्या जणींना असतं म्हणून सांगते, ती गोळी सकाळी उठल्या उठल्या उपाशीपोटी घ्या आणि इसबगोल त्यानंतर लगेच नको, मध्ये चांगलं अंतर ठेवा, तीन-चार तास ठेवता आलं तर उत्तम, मग सकाळऐवजी दुपारच्या डब्याबरोबर इसबगोल घ्या. इतर औषधांत निदान दोन तास. आणि हो, थायरॉइडच्या गोळीचा डोस जास्त झाला तरी जुलाब होतात, म्हणजे घेत असाल तर टीएसएच एकदा तपासून घ्या. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर तिनंही होतात. सगळं खापर पित्तावर फोडायचं नाही.

डब्यातून येणारं फायबर सोडून जेवणातलं काय, तर आपल्याकडे हे बुळबुळीत फायबर काही कमी नाही, उलट ज्या भाज्यांना पोरं "चिकट आहे" म्हणून नाकं मुरडतात त्यातच ते असतं. भेंडी बघा. गवार, जिच्या बियांपासून काढलेला ग्वार गम आइस्क्रीमपासून सॉसपर्यंत घट्टपणासाठी घालतात. भिजवलेले मेथीदाणे, जवस, अळीव, सब्जा, हे सगळे पाण्यात टाकल्यावर कसे होतात ते आठवा. ओट्स आणि जव ह्यांत बीटा-ग्लुकन नावाचं असंच फायबर असतं. फळांत सफरचंद, पेरू, संत्रं, मोसंबी, ह्यांतलं पेक्टिन, ज्यानं पेरूची जेली घट्ट होते तेच. मोसंबीचा रस काढून प्यायला तर ते बरंचसं चोथ्यात जातं, तेव्हा फोडी खा. तुमच्यासाठी सकाळी, शाळेत जायच्या आधी, ओट्सची ताकातली पातळ पेज किंवा ज्वारी-ओट्सचं थालीपीठ कमी तेलावर, दीड-दोन थालीपीठं नव्हे, एक, आणि चहा त्यानंतर. उपाशीपोटी चहा-बिस्किट ही आपल्या महाराष्ट्राची राष्ट्रीय न्याहारी आहे पण तुमच्या आतड्याला ती सध्या परवडणारी नाही. पहिले काही दिवस हे सुट्टीच्या दिवशी करून बघा म्हणजे धास्ती नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला रोज किमान 25 ग्रॅम फायबर सांगते, तिथपर्यंत पोचायची तुम्हाला घाई नाही, महिना-दीड महिना लागला तरी चालेल.

मिस्टरांकडे येते. मघाशी म्हटलं ना, हरवलेल्या भांड्यांच्या जागी नवीन घ्यावी लागतात आणि यकृत ती कोलेस्टेरॉलपासून बनवतं. इसबगोलनं जास्त बाइल ॲसिड बाहेर गेलं की यकृताला जास्त बनवावं लागतं, त्यासाठी ते रक्तातलं एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, ओढून घेतं आणि रक्तातला आकडा उतरतो. म्हणजे त्यांनी वाचलं ते खरंय. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनानं, 1997 साली ओट्सच्या आणि 1998 साली इसबगोलच्या पाकिटावर हृदयविकाराचा धोका कमी करण्याबद्दलचा दावा छापायला परवानगी दिली, ओट्सचं बीटा-ग्लुकन रोज 3 ग्रॅम आणि इसबगोलमधलं विरघळणारं फायबर रोज 7 ग्रॅम, म्हणजे साधारण 10 ग्रॅम भुसा, आणि तोही संतृप्त चरबी आणि कोलेस्टेरॉल कमी असलेल्या आहाराबरोबर. (तिकडच्या इसबगोलचा मोठा वाटा आपल्या गुजरात-राजस्थानातून जातो, ऊंझाच्या बाजारातून, आणि तिकडे संत्र्याचा स्वाद घालून गोंडस बरणीत विकला जातो. इकडे आपण ते "आजोबांचं औषध" म्हणून कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात ठेवतो, असो.)

पण उतरतो किती? पाच ते दहा टक्के. स्टॅटिनची गोळी, म्हणजे कोलेस्टेरॉलवर सहसा देतात ती, एलडीएल तीस ते पन्नास टक्के उतरवते. एलडीएल 160 असेल तर इसबगोलनं ते 150 च्या आसपास येईल, गोळीनं 100 च्या जवळ किंवा खाली. तेव्हा गोळी बंद करून डबा संपवायचा हा हिशेब बसत नाही, आणि डॉक्टरांना न सांगता ती बंद करणं तर नाहीच, विशेषतः घरात कुणाला हार्टचा त्रास असेल किंवा त्यांना साखर असेल तर. मात्र गोळीबरोबर इसबगोल घेणं ही चांगली कल्पना आहे. 2005 साली एक छोटा अभ्यास आला होता त्यात सिमव्हास्टॅटिन ह्या स्टॅटिनची 10 मिलिग्रॅमची गोळी आणि वर रोज 15 ग्रॅम इसबगोल ह्याचा परिणाम नुसत्या 20 मिलिग्रॅम गोळीएवढा आला. म्हणजे डॉक्टर डोस वाढवायचं म्हणत असतील तर मिस्टरांनी त्यांच्याशी ह्यावर बोलावं, दोन-अडीच महिने जेवणाबरोबर नीट घेऊन मग पुन्हा लिपिड प्रोफाइल करावं. तुमचा आणि त्यांचा डबा एक असला तरी हरकत नाही, पण त्यांनी तुमचा वाटा संपवून टाकू नये.

आता समजा हे सगळं तीन-चार आठवडे नीट करूनही फरक पडला नाही, किंवा थोडाच पडला, तर "मला काहीच लागू पडत नाही" म्हणून गप्प बसू नका, पुन्हा डॉक्टरांकडे जा आणि स्पष्ट विचारा की हा बाइल ॲसिडचा जुलाब असू शकतो का. ब्रिटनमध्ये त्यासाठी सेहकॅट नावाची स्कॅनची चाचणी करतात, आपल्याकडे ती सहजासहजी होत नाही, म्हणून बरेचदा औषध देऊनच बघतात. कोलेस्टिरामिन नावाची पावडर असते, ती बाइल ॲसिडला इसबगोलपेक्षा कितीतरी घट्ट पकडते. बाइल ॲसिडचाच त्रास असेल तर बऱ्याचदा थोड्याच दिवसांत फरक कळतो आणि निदानही तिथंच होऊन जातं. तीही इतर औषधं अडकवते, बाकीच्या गोळ्या तिच्या तासभर आधी किंवा चार-सहा तासांनंतर. चव मात्र वाळू प्यायल्यासारखी, आधीच सांगून ठेवते.

आणि हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठीही : मळातून रक्त, काळा मळ, न कळत वजन उतरणं, ताप, डोळे पिवळे होणं, रात्री झोपेतून उठून जावं लागणं, हिमोग्लोबिन घटणं, ह्यातलं एक जरी असेल तर इसबगोल वगैरे बाजूला ठेवून आधी तपासणी. पित्ताशयाचं ऑपरेशन झालंय म्हणजे प्रत्येक जुलाब त्याचाच असं नसतं. मी आहारतज्ज्ञ आहे, पोटाची डॉक्टर नाही, आणि पत्रावरून निदान करता येत नाही.

शाळेचं एक सांगू का, मुख्याध्यापकांना किंवा शेजारच्या वर्गातल्या एखाद्या मैत्रिणीला कल्पना देऊन ठेवा, ऑपरेशननंतरचा त्रास आहे, दोन मिनिटं वर्गाकडे बघा म्हणावं लागलं तर बघा, एवढंच. सगळं वर्णन करायची गरज नाही. आतड्याची धास्ती हीसुद्धा आतड्याला घाई करते, "आता जाता येणार नाही" हा विचारच कळ आणतो. जाता येईल हे एकदा ठरलं की निम्म्या वेळा जावंच लागत नाही.

राहिला उपवास. संकष्टी करा, मनाला बरं वाटतं तर का नको, पण दिवसभर निरंकार आणि चंद्र दिसल्यावर तळलेले मोदक-वडे हा प्रकार तुमच्यासाठी ह्या वर्षी तरी नको, कारण दिवसभर साचलेलं पित्त आणि रात्री नऊ वाजता एकदम तेल-तूप. साबुदाण्याची खिचडीही जपून, साबुदाण्यात फायबर जवळपास नाहीच आणि वर शेंगदाणे-तूप भरपूर. त्यापेक्षा दिवसात दोन-तीनदा थोडं थोडं, उकडलेलं रताळं, राजगिऱ्याची भाकरी, वरईचा भात दाण्याच्या पातळ आमटीबरोबर, एखादा पेरू. उपवासाच्या भाजीत भेंडी तुमच्याकडे चालत असेल, काही घरांत चालते, तर तीही. इसबगोल उपवासाला चालतं का हे मात्र सासूबाईंनाच विचारा, त्यात मी पडत नाही.